कान्होबाचा अर्धा वाटा

आजचं चिंतन : श्रीमद्‌भगवद्‌गीता, अध्याय ३, श्लोक १२ आणि १३.

काल आपण दहावा आणि अकरावा श्लोक पाहिला. माणसांनी देवांना द्यावं, देवांनी माणसांना द्यावं, आणि या देण्याघेण्यावर सगळ्यांचं भागावं, असं ते चक्र होतं. आज भगवंत त्याच चक्राबद्दल बोलतात, पण आवाज एकदम बदलतो. मिळालेलं जो पुढे फिरवत नाही, एकटाच भोगत बसतो, त्याला ते सरळ 'स्तेन' म्हणतात. स्तेन म्हणजे चोर. आणि तेराव्या श्लोकात तर जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो तो पापच जेवतो, इथपर्यंत मजल जाते.

हा 'चोर' शब्द जरा हातात घेऊन बघा. भगवंतांना कंजूष म्हणता आलं असतं, स्वार्थी म्हणता आलं असतं. कंजूषपणा हा स्वभावाचा दोष झाला, त्याची तक्रार कुणी पोलिसांत करत नाही. पण चोर म्हटलं की दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी गेलेलं असतं. म्हणजे जे मी माझं समजून कपाटात ठेवलं, त्यात दुसऱ्याचा हिस्सा होता, असा हा आरोप आहे. आपण ज्याला दानधर्म म्हणतो आणि ज्याची पावती फाडून घेतो, ती गीतेच्या हिशेबात परतफेड आहे. म्हणून हे दोन श्लोक मी दयेचे मानत नाही, न्यायाचे मानते. ज्ञानेश्वर माउलींनी इथे यज्ञ म्हणजे स्वधर्म असा अर्थ लावला, आणि तिथेच हा विषय होमकुंडाजवळून उठून आपल्या दुकानात, शेतात आणि ऑफिसच्या टेबलावर आला.

आता हे सगळं मी आज इतकं लांबवून का सांगते आहे? कारण गेल्या आठवड्यात दोन निरोप आले. एका माउलींनी लिहिलं की ताई, चिंतनात कर्ज, रेशन, सावकारी असले विषय आणू नका, आम्ही इथे पहाटे मन शांत करायला येतो. दुसरा निरोप एका शेतकरी वाचकाचा होता. त्यांनी लिहिलं : मी दर वर्षी पीककर्ज वेळेवर भरतो. बायकोचे दागिने मोडले पण बँकेची तारीख चुकवली नाही. शेजाऱ्याने भरलंच नाही, आणि माफी त्याला मिळाली. हा कुठला धर्म?

पहिल्या माउलींना नमस्कार. पण दुसऱ्याचा प्रश्न वाचल्यावर माझंच मन शांत राहिलं नाही. तो प्रश्न चिडून विचारलेला नव्हता, थकून विचारलेला होता. त्याला 'देव बघतोय' असं उत्तर देणं सोपं आहे, आणि त्याचा अपमान करणारंही आहे.

उत्तर शोधायला देहूला जाऊ या.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होतं, आणि त्याबरोबर सावकारीही होती. म्हणजे आपण ज्यांना आज आकाशाएवढे मानतो ते मुळात धनको होते, पैसे उसने देणाऱ्या घरातले. मग शके १५५२ चा, म्हणजे १६३० चा दुष्काळ आला. दख्खनवरच्या भयंकर दुष्काळांत त्याची गणना होते. तुकोबांची गुरं गेली, व्यापार बसला, दिवाळं निघालं, आणि थोरली बायको अन्नावाचून गेली. मुलगाही गेला. हे सगळं झाल्यावर ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले, धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधत तिथे आले, आणि दोघे इंद्रायणीच्या काठी परतले. परंपरा सांगते की तिथे तुकोबांनी घरातली सगळी खतं मागवली. खतं म्हणजे कर्जाचे कागद, कुणाकडून किती येणं आहे त्याचे रोखे. त्यांचे दोन वाटे केले. एक कान्होबाला दिला, आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला.

कीर्तनात ही कथा रंगते ती इथेच. पाण्यात कागद पडले, टाळ वाजले, बुवांनी डोळे पुसले, आणि आपणही पुसले. पण मला नेहमी दुसऱ्या वाट्यापाशी थांबावंसं वाटतं. कान्होबाच्या.

तुकोबांनी सगळे कागद का बुडवले नाहीत? विरक्ती आलेल्या माणसाने अर्ध्यावर का थांबावं? उत्तर अगदी साधं आहे. अर्धेच त्यांचे होते. दुसऱ्याच्या मालमत्तेवर आपलं पुण्य करायचं नाही, एवढा व्यवहार त्या वैराग्यातही शाबूत होता. कान्होबाला बायकामुलं होती, घर चालवायचं होतं, त्याला तुकोबांनी जबरदस्तीने संत केलं नाही. आणि कान्होबा काही खलनायक नव्हे हो. तुकोबा गेल्यावर त्यांच्यासाठी सगळ्यात कळवळून कोण रडलं असेल तर हाच भाऊ. त्याचे अभंग गाथेच्या प्रतींतही आहेत.

आता त्या खतांच्या दुसऱ्या टोकाकडे चला. समजा देहूच्या पंचक्रोशीत दोन कुणबी होते. दोघांचं शिवार एक, दोघांवर तोच दुष्काळ, दोघांनी सारख्याच गरजेपोटी पैसे उचलले. एकाचा कागद तुकोबांच्या ढिगात गेला, दुसऱ्याचा कान्होबाच्या. एक मोकळा झाला. दुसऱ्याच्या दारात पुढच्या सुगीला वसुलीचा माणूस उभा. यात पहिल्याचं पुण्य कोणतं आणि दुसऱ्याचं पाप कोणतं? काही नाही. कागद कोणत्या बाजूला पडला एवढाच फरक.

संताची दया अमोल असते, पण ती कुणाच्या वाट्याला येईल याचा भरवसा नसतो. पाऊस एका शिवारात पडावा आणि बांधापलीकडे कोरडं राहावं, तशी. तुकोबांनी स्वतःपुरता न्याय पूर्ण केला. कान्होबाच्या ऋणकोचा न्याय करणं एकट्या तुकोबांच्या हातातच नव्हतं. त्याला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते काय, हे कळायला आमच्या महाराष्ट्राला पुढची अडीचशे वर्षं लागली.

जिल्हा तोच, पुणे. गाव सुपे. तारीख १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली आणि कर्जाचे कागद आणि वह्या रस्त्यावर आणून जाळल्या. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. यात एक गोष्ट त्या वेळच्या सरकारी चौकशीलाही ठळकपणे दिसली : लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकाराने खतं काढून दिली तर बऱ्याच ठिकाणी त्याच्या अंगाला हात लावला गेला नाही.

का बरं कागदावर एवढा राग? कारण कागद खोटा झाला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीन वर्षांची मुदत आली. ऋणकोवर जुनं कर्ज अनंत काळ राहू नये असा त्यामागचा हेतू, म्हणजे हेतू चांगलाच. पण झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि त्यात मागचं व्याज मुद्दलात घालायचा. आपल्या धर्मशास्त्रात दामदुप्पट म्हणून एक जुना नियम आहे : एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. नव्या रोख्यात कालचं व्याजच आजचं मुद्दल झालं, की दामदुप्पट तरी कशावर मोजणार? शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. तो नांगराची निशाणी काढून मोकळा व्हायचा. शेतसारा रोखीत भरायचा होता, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात वधारलेला कापूस युद्ध संपल्यावर कोसळला होता, आणि सारा मात्र वाढवला जात होता. मग कोर्टात दावा लागला की न्यायाधीश कागद बघणार, निशाणी बघणार आणि हुकूमनामा देणार. मूळ पन्नास रुपयांचे पाचशे कसे झाले हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं, आणि सुचलं तरी कायद्यात त्याला नीट जागा नव्हती.

जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच काळात.

दंगे मोडले, धरपकड झाली. पण पाठोपाठ आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्यातली दोन कलमं मला फार महत्त्वाची वाटतात. एक, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. दुसरं त्याहून मोठं : न्यायाधीशाला कागदाच्या मागे जायची मुभा मिळाली. रोख्यावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता व्यवहाराचा सगळा इतिहास उकलायचा, मूळ किती दिलं, किती फेडलं, व्याज किती चढवलं हे काढायचं, आणि मग काय खरंच येणं आहे ते ठरवायचं.

आणि या कायद्याच्या अंमलासाठी नेमलेल्या विशेष न्यायाधीशांच्या जागेवर १८८० च्या दशकात कोण बसलं होतं, तर महादेव गोविंद रानडे. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती ते पुढे १८९३ मध्ये झाले. त्याआधी ते असे गावोगावच्या कर्जाच्या दफ्तरात मान घालून बसलेले होते. आणि हेच रानडे प्रार्थना समाजात तुकोबांच्या अभंगांवर निरूपण करायचे. मला हा योगायोग वाटत नाही. दिवसा कान्होबाच्या वाट्याचे कागद तपासायचे आणि संध्याकाळी तुकोबांवर बोलायचं. एकाच माणसात या दोन गोष्टी नांदल्या. आपण मात्र भक्ती वेगळी आणि कोर्टकचेरी वेगळी म्हणतो आणि वर त्यालाच अध्यात्म समजतो.

त्या कायद्याने सगळं सुधारलं असं म्हणायला मी भाबडी नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायचा रस्ता काढला. पैसे फेडलेस की जमीन परत देतो, हे फक्त तोंडी. तो रस्ता आजही वाहता आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात म्हणूनच अशा जमिनीची चौकशी करून ती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांना दिला आहे, पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देत राहणं हा त्यात गुन्हा आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरात असं 'नावापुरतं' खरेदीखत झालेलं असेल, तर नुसतं देवापुढे दिवा लावून थांबू नका. उपनिबंधकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका. हे मी नोकरीच्या अनुभवातून सांगते.

नोकरी म्हणजे, नियमित वाचकांना ठाऊक आहे, मी सव्वीस वर्षं एका पतसंस्थेत होते, त्यातली बरीच वसुलीच्या टेबलावर. तिथली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण कान्होबाचा वाटा मला तिथे समजला.

एक प्राथमिक शिक्षक यायचे. कर्जदार नव्हते, जामीनदार होते. मित्राच्या कर्जाला जामीन राहिले, मित्राने हप्ते थकवले आणि गाव सोडलं, आणि यांच्या पगारातून कपात सुरू झाली. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे कपात बेकायदा नव्हती. गुरुजींनी तीन वर्षं काही तक्रार केली नाही. एके दिवशी मात्र ते म्हणाले, "बाई, मला तो कागद बघायचाय फक्त." मी फाईल काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि म्हणाले, "सही माझीच आहे. पण मी सही केली तेव्हा हे सगळं कोरं होतं. एका लग्नाच्या मांडवात, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही घेतली होती त्यानं. रकमेचा आकडा मी आज पहिल्यांदा बघतोय."

प्रकरण संचालक मंडळापुढे गेलं. एक संचालक म्हणाले, गुरुजी देवमाणूस आहे, दंडव्याज सोडून द्या. दुसरे म्हणाले, संस्था ठेवीदारांच्या पैशावर चालते, विधवा बायकांच्या ठेवी आहेत त्यात, दया तुमच्या खिशातून करा. मंडळी, दोघंही बरोबर होते. पहिले तुकोबांच्या बाजूने बोलत होते. दुसरे नकळत तुकोबांच्याच दुसऱ्या अर्ध्यावर बोट ठेवत होते, की दुसऱ्याच्या पैशावर आपलं पुण्य करू नये. मग आमच्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "गुरुजींना सोडलं तर असेच बाकीचे किती आहेत?" ते कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही दोघीतिघी चार दिवस रात्री उशिरापर्यंत बसून फाईली उपसल्या. जिथे मूळ कर्जदार सापडत नव्हता आणि जामीनदार इमानाने भरत होता अशी अकरा प्रकरणं निघाली. गुरुजी त्यातले एक. बाकीच्या दहांना टेबलापाशी येऊन बोलायचंही धाडस नव्हतं. त्यात भाजी विकणाऱ्या एक बाई होत्या, दर शनिवारी चुरगळलेल्या नोटा मोजून द्यायच्या.

शेवटी एकरकमी परतफेडीच्या नियमात बसवून अकराही जणांना सारखीच सवलत दिली. गुरुजींना एकट्यांना जेवढी मिळाली असती त्यापेक्षा ती थोडी कमी होती. त्यांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "बाकीच्यांना मिळाली ना? मग चालेल." चांगला माणूस.

आता त्या शेतकरी वाचकाच्या प्रश्नाकडे येते.

भाऊ, कर्जमाफी हा सरकारने केलेला इंद्रायणीकाठचा प्रसंग असतो. २००८ ची देशभराची माफी आठवा, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची योजना आठवा, २०१९ ची महात्मा जोतीराव फुल्यांच्या नावाची आठवा. मोठ्या माणसांची नावं देतो आपण. दुष्काळात, गारपिटीत, भाव पडल्यावर माफी द्यावीच लागते, या मताची मी आहे. बुडत्याला आधी वर काढायचं, पोहायला का शिकला नाहीस हे मागाहून विचारायचं. पण तुकोबांनी आपला वाटा बुडवला होता. सरकार जे बुडवतं ते सगळ्यांचं असतं, त्यात तुमचाही पैसा असतो. म्हणून सरकारला तुकोबांसारखं मन भरून आलं म्हणून वागता येत नाही, त्याला रानड्यांसारखं कागदाच्या मागे जावं लागतं. कुणाचं पीक खरंच गेलं, कुणी हे माफी येईल म्हणून थकवलं, कुणाचं कर्ज बँकेत आहे आणि कुणाचं सावकाराच्या वहीत. हे न बघता एक तारीख ठरवून रेघ मारली, की तुमच्यासारखा माणूस रेघेच्या अलीकडे एकटा उभा राहतो. तुमची तक्रार शेजाऱ्याच्या सुटकेबद्दल नसावी असं मला वाटतं, तुम्ही तसं लिहिलंही नाहीत. तुमची तक्रार ही की तुमच्या दागिन्यांचा हिशेब कुणी धरला नाही. ती तक्रार शंभर टक्के धर्माची आहे.

फुले योजनेत नियमित भरणाऱ्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनाची रक्कम ठेवली होती, ती याच तक्रारीतून आली. तुम्हाला ती मिळाली की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल मिळाली, तर आधार जोडणीपासून बँकेच्या यादीपर्यंत कुठे अडलं ते तपासून घ्या. तिथेही पोच घ्या.

आणि एक बाजू या सगळ्या माफ्यांच्या पलीकडे राहते. बँकेचा कागद बुडाला तरी खाजगी सावकाराचा बहुतेक वेळा कोरडाच राहतो. भूमिहीनाकडे तर सातबाराच नाही, त्याला पीककर्ज कोण देणार आणि माफ काय होणार! बीडकडची ऊसतोडीची जोडपी बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजणी. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर टाकून कारखान्यावर जायचं, आणि चार-पाच महिने तोडणी करून ती फेडायची. एक दिवस आजारपणात गेला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उलटे कापले जातात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. १८७५ च्या रोख्यासारखंच आहे की हे. तिथे तर नांगराची निशाणी तरी होती, इथे बरेचदा कागदसुद्धा नसतो, मुकादमाच्या डायरीतला आकडा असतो. त्या डायरीच्या मागे जाणारा रानडे कुठे आहे?

बचत गटातल्या बायकांची तीच गत. आठवड्याचा हप्ता, आणि हप्ता चुकला तर दारात येऊन बसणारी माणसं. रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे सूक्ष्म कर्जांचे नियम स्पष्ट आहेत : घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करून छळता येत नाही. आमच्या भजनी मंडळातल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. एका गुरुवारी हरिपाठानंतर मी दहा मिनिटं घेऊन सांगितलं, तर एकजण म्हणाल्या, "अहो, हे तर हरिपाठाच्या आधी सांगायला हवं होतं."

मग आपल्या घरातल्या कागदांचं काय? सरकारवर बोलणं सोपं असतं, म्हणून हे विचारते. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात कुठला ना कुठला कागद असतोच. कामाला येणाऱ्या मावशींना मुलीच्या लग्नासाठी दिलेले दहा हजार, आणि त्यापोटी दर महिन्याला कापायचे पाचशे, आणि त्या पाचशेच्या जोरावर 'रविवारी पण येत जा'. त्या रविवारचा पगार कोणत्या वहीत लिहिला? भाडेकरूची अनामत, जी खोली सोडताना रंगाच्या खर्चात विरघळून जाते. सोसायटीच्या वॉचमनचा कापलेला दिवस. भावाने वीस वर्षांपूर्वी घेतलेले पैसे, जे आपण कधी मागत नाही पण प्रत्येक दिवाळीला नजरेने आठवण देतो. यातलं सगळं बुडवा असं मी म्हणत नाही, तुकोबांनीही कान्होबाला तसं सांगितलं नाही. पण मावशींना एकदा समोर बसवून मूळ किती दिले, किती फिटले, त्यांचे जादा रविवार किती झाले, एवढं कागदावर मांडायला तर हरकत नाही? काही घरांत बेरीज केल्यावर असं निघेल की येणं मावशींचंच आहे. 'स्तेन' हा शब्द मग गीतेत राहत नाही, स्वयंपाकघरात येऊन बसतो.

काही जण म्हणतील, ताई, हे सगळे हिशेब, यात भक्ती कुठे आहे? मला वाटतं, तुकोबा इंद्रायणीकाठी बसून दोन ढीग करत होते तेव्हा एकेक खत उघडून वाचतच असणार. हा अमक्याचा, हा तमक्याचा, याचं पोर दुष्काळात गेलं, याची बैलजोडी विकली गेली. ज्याला सगळी नावं माहीत होती त्याने ती बुडवली. न वाचता गठ्ठा पाण्यात टाकणं सोपं होतं. आणि कान्होबाकडे गेलेली नावंही त्यांना माहीत असणार. त्या रात्री त्यांना झोप लागली असेल का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

उद्या चौदावा श्लोक. अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून, अशी साखळी तिथे येते. आमच्याकडे अजून पेरणीजोगा पाऊस नाही, त्यामुळे विषय वेळेवर आलाय. शेतकरी वाचकांनी आपल्या गावातली पावसाची परिस्थिती जरूर कळवावी. आणि त्या भाऊंनी प्रोत्साहनाच्या रकमेचं काय झालं तेही कळवावं, मी वाट बघते.

राम कृष्ण हरी.